पहिली ओळ मोकळी

आमच्या लेखक संघाच्या शिपायाला सगळे टाचणी म्हणायचे. अंगानं काटकुळा, डोकं मात्र भलं मोठं, आणि शर्टाच्या कॉलरच्या आत कायम सात-आठ टाचण्या ओळीनं खोचलेल्या. कुठं कागदाला कागद जोडायचा झाला की मानेमागे हात घालून एक उपसायचा. "टोचत नाहीत का रे?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "नव्या असताना टोचतात, साहेब." वयानं तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तरी समतेवर आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर पानंच्या पानं लिहिणारे आम्ही सगळे त्याला अरे-तुरे करायचो, आणि तो आम्हाला अहो-जाहो. तीस वर्षांत आमच्यापैकी एकालाही यात काही खटकलं नाही. मलाही नाही.

संघाचं ऑफिस चपलांच्या दुकानावर, दोन खोल्यांत. टाचणी तिथं झाडायचा, टपाल लावायचा, टाईपही करायचा. पण त्याचं खरं काम ऑफिसच्या बाहेर होतं. सरकारनं कुणाला उचललं, कुणाचं पुस्तक बंद केलं की निषेधाचं निवेदन निघायचं. मजकुराखाली एक ते वीस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढं सहीची ओळ. तो कागद पुठ्ठ्याला चिमट्यानं लावून टाचणी घरोघर फिरायचा. आमची नाडी त्याला पक्की ठाऊक होती. कवी आधी चहा पाजतात आणि मग सही टाळतात. कादंबरीवाले मसुद्यातली चार वाक्यं बदलून मागतात. नाटकवाले घरात असून घरात नसतात. "आणि साहेब," तो हसत सांगायचा, "कागद हातात घेतला की मजकूर वाचायच्या आधी सगळे एकच विचारतात. कोणाकोणाची झालीय?" मीही हसायचो. मीही तेच विचारायचो.

या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत असायचं, आणि पहिली ओळ सरांची, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ लेखकाची. ते कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. जुन्या राजवटीत, चारचौघांत तोंड उघडायची सोय नव्हती तेव्हा, एका छापखानेवाल्यासाठी सरांनी स्वतः निवेदन लिहिलं होतं आणि पहिली सही केली होती. त्यापायी चौदा महिने आत काढले. बाहेर आले तेव्हा उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून सरांची सही वर पडल्याशिवाय कुणी पेन उघडत नसे, आणि ती पडली की तासाभरात पंधरा-सोळा होत. हे मी टिंगलीनं सांगत नाही. सर तेव्हा खरोखर मोठे होते.

पुढं राजवट उलथली आणि आपलं सरकार आलं. आपलं म्हणजे अक्षरशः आपलं. गृहमंत्री सरांचा विद्यार्थी, सर सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. संघाच्या ऑफिसात नवे पंखे लागले. निवेदनं कमी झाली. टाचणी दुपारी खुर्चीत बसून डुलक्या काढायला लागला, आणि आम्ही त्याला म्हणायचो, तुझा धंदा बसला.

मग गोदीच्या फाटकावर संपकऱ्यांवर गोळीबार झाला. सरकारनं जाहीर केलं की चेंगराचेंगरीत तीन माणसं दगावली. टाचणीची मुलगी सरकारी हॉस्पिटलात नर्स होती, त्या दिवशी तिची ड्यूटी होती. तिनं एका वार्ताहराला सांगितलं की आमच्या वॉर्डात अकरा जण आले, अकराही जणांना गोळ्या लागल्या होत्या, आणि माझं नाव छापलं तरी चालेल. नाव छापलं गेलं. चौथ्या दिवशी तिला कामावरूनच नेलं. राज्याविरुद्ध अफवा पसरवण्याचं कलम. जामिनाची सुनावणी शुक्रवारी. वकील म्हणाला, मोठ्या नावांचं निवेदन गुरुवारच्या पेपरात आलं तर न्यायाधीश विचार करील. नाही तर हे कलम लागल्यावर कुणी बाहेर येत नाही.

त्या सोमवारी दुपारी मी सरांकडं बसलो होतो. का बसलो होतो तेही सांगून टाकतो. मंडळाच्या अनुवाद समितीवर सर माझं नाव घालणार होते. कॉलेजात शिकवून आणि पेपरात सदर लिहून जे मिळत नाही, ते त्या समितीवर मिळणार होतं. तेवढ्यात टाचणी पुठ्ठा घेऊन दारात उभा राहिला.

"ये," सर म्हणाले. "कोणाचा आहे?"

"माझ्या मुलीचा, सर."

सरांनी कागद घेतला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच, सर. छापखानेवाल्यासाठी लिहिलं होतं ना, ते. फायलीत होतं. मी नाव तेवढं बदललं आणि छापखान्याच्या जागी हॉस्पिटल घातलं. बाकी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझं दुःख मला कळतं," ते म्हणाले. "पण परिस्थिती तीच नाही रे. तेव्हा समोर हुकूमशाही होती. हे चुका करणारं सरकार आहे, पण आपलं आहे. आपणच त्याला उघड्यावर झोडपलं तर ते जुने लोक परत येतील, आणि मग अशा शंभर मुली आत जातील. एका वेळी एकच शत्रू धरायचा असतो."

"सर, अकरा जण होते. तिनं स्वतः पट्ट्या बांधल्या."

"असतील. मी आतून बोलतो त्यांच्याशी. जाहीर बोललं की माणसं हट्टाला पेटतात."

"तेव्हा तुम्ही म्हणायचात, आतून बोललेलं आतच राहतं," टाचणी म्हणाला. आवाज चढला नव्हता. ऑफिसात आठवण करून द्यायचा त्याच सुरात तो बोलला. "सुनावणी शुक्रवारी आहे, सर."

सरांनी पुठ्ठा परत केला. "पुढच्या आठवड्यात बघू."

सर खोटं बोलत नव्हते. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं, आणि मला आजही राग येतो तो त्याचाच. तिथं बसल्या बसल्या मी स्वतःला समजावलं की आयुष्यभर लढलेल्या माणसाला एवढी सूट असावी. सगळीकडं एकसारखं वागायला लेखक म्हणजे काय तराजू आहे? मोठ्या लढाईत एखादी गोष्ट सुटायचीच. फार लवकर पटलं मला ते. आत गेलेली मुलगी माझी नव्हती.

टाचणीच्या मागोमाग मी बाहेर पडलो. जिन्यात त्यानं पुठ्ठा माझ्यापुढं धरला. "साहेब, तुम्ही तरी. वरची ओळ सरांसाठी मोकळी ठेवलीय. तुम्ही दुसरीवर करा."

"सरांची होऊ दे," मी म्हणालो. "मग माझी धरच. त्यांच्या आधी बरं दिसत नाही."

"बरं," तो म्हणाला आणि जिना उतरला.

तीन दिवसांत तो सतरा घरं फिरला. प्रत्येक घरात पहिली ओळ मोकळी ठेवून. सरांनी नकार दिल्याचं मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, पण ती मोकळी ओळ बघितली की सगळ्यांना सगळं कळत होतं. कुणी म्हणालं, सरांची झाली की ये. कुणी म्हणालं, सर काही विचार करूनच थांबले असतील. त्यानं कागद नव्यानं टाईप केला असता, पहिल्या ओळीवर एखाद्या भिडस्त म्हाताऱ्या कवीची सही घेतली असती, तर निदान सहा-सात तरी झाल्या असत्या. संघाच्या सचिवांनी त्याला नंतर तसं झापलंही. "अक्कल कुठं गेली होती तुझी? ती ओळ मोकळी कशाला ठेवलीस?" तर हा म्हणाला, "सरांची जागा आहे ती." तीस वर्षांची सवय. दुसऱ्या कुणाला तिथं बसवायचा त्याला धीरच झाला नाही.

गुरुवारी पेपरात काही आलं नाही. शुक्रवारी जामीन नाकारला. पुढं सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंग बसनं नऊ तासांवर. टाचणी महिन्यातून एकदा शनिवारची रजा टाकून जायचा. सोमवारी कामावर आला की कुणी काही विचारत नसे, आणि तोही सांगत नसे. एकदाच मला म्हणाला, "आत पण नर्सचंच काम करते. बायांना इंजेक्शन देते." तिला पकडलं त्याच महिन्यात माझ्या समितीचं पत्र आलं होतं. मी ते स्वीकारलं.

चार वर्षं गेली. आपल्या सरकारनं निवडणूक एकदा पुढं ढकलली, मग परत ढकलली. दुसऱ्या वेळी सरांना राहवलं नाही. त्यांनी लेख लिहिला, आणि लेख खरंच धारदार होता. त्यांच्या विद्यार्थ्यानं, म्हणजे गृहमंत्र्यानं, दोन दिवसांनी पहाटे माणसं पाठवली. सरांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. चांगल्या कानाकडच्या बाजूनं बोला, असं सरांच्या बायको त्या पोलिसांना सांगत होत्या म्हणे.

संघानं निवेदन काढलं. आणि आमची पंचाईत झाली. पहिली सही कोणी करायची? सचिवांना नेमका ताप आला. संघाचे अध्यक्ष लेकीकडं परगावी गेले. टाचणी पाच दिवस फिरला आणि कोरा कागद घेऊन परत आला. प्रत्येक घरात तोच प्रश्न, आणि उत्तर द्यायला वर कुणी नाही.

रविवारी दुपारी तो माझ्या दारात उभा होता. साठी उलटलेली, मान थोडी पुढं आलेली, हातात तोच पुठ्ठा. आदल्या दिवशी मुलीला भेटून रातोरात परतला होता, कपडे प्रवासाचेच होते. मी त्याला आत घेतलं. तो कधी बसत नसे, त्या दिवशी बसला.

"सरांचा आहे," तो म्हणाला आणि पुठ्ठा पुढं केला.

माझ्या तोंडून निघून गेलं. "कोणाकोणाची झालीय?"

"माझी."

मी खाली बघितलं. पहिल्या ओळीवर गोल, शाळकरी अक्षरात त्याचं पूर्ण नाव होतं. इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा वाचलं. पुढं लिहिलं होतं, शिपाई, लेखक संघ.

"काल पोरीला सांगितलं सरांना नेलं म्हणून," तो म्हणाला. "म्हटली, कागद काढला का? म्हटलं काढलाय, पण कोणी हात लावत नाही. म्हटली, बाबा, मग आधी तुम्ही करा."

"आणि तुम्ही केलीत," मी म्हणालो. आपण अहो-जाहो करतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. "सर तुमच्याशी जसं वागले त्यानंतरही."

"सरांनी माझ्या पोरीचं वाटोळं केलं, साहेब. मी काही ते विसरलो नाही. तोंडावर सांगणार आहे त्यांना. त्यासाठी ते बाहेर नकोत का यायला? आणि म्हाताऱ्या माणसाला लेख लिहिला म्हणून उचलायचं, हे तेव्हा चूक होतं तर आज पण चूकच. मला दोन हिशेब जमत नाहीत."

मी सही केली. दुसऱ्या ओळीवर, त्याच्या खाली. चार वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं, आणि तेवढ्यावर तो उठून गेला असता तर फार बरं झालं असतं. पण त्यानं पुठ्ठ्यामागून दुसरा कागद काढला. घडीवर पिवळा पडलेला, कडा मऊ झालेल्या. सरांचा मजकूर, मुलीचं नाव, खाली वीस ओळी, वीसही कोऱ्या.

"हाही आहे," तो म्हणाला. "अजून तीन वर्षं राहिलीत तिची. वकील म्हणतो, अर्ज करता येईल."

"यावर तुमची नाही केलीत?"

"बापाची सही धरत नाहीत, साहेब. पहिली ओळ मोकळी आहे. तुम्ही करा."

पेन माझ्या हातातच होतं. एकदाही थांबलो नाही, काही विचारलं नाही, आणि याचं मला तेवढ्यापुरतं कौतुकही वाटलं. टोपण लावताना कागदाकडं नजर गेली. सही दुसऱ्या ओळीवर होती. हात आपला आपण तिथं गेला होता. वर पहिली ओळ होती तशीच मोकळी.

टाचणीनंही ते पाहिलं.

"चुकून झालं," मी म्हणालो. "खोडतो, वर करतो."

"नको, साहेब. खाडाखोड असली की कोर्टात घेत नाहीत." त्यानं मानेमागे हात घातला, एक टाचणी उपसली आणि दोन्ही कागद जोडले, सरांचा वर, पोरीचा खाली. पाणी विचारलं तर नको म्हणाला. अजून अकरा घरं व्हायची होती. प्रत्येक घरात तो वरचा कागद उलटून खालचा दाखवणार होता, आणि ती मोकळी ओळ बघून लोक काय म्हणतील हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून त्याच्या चपलांचा आवाज ऐकत राहिलो. त्याला हाक मारून परत बोलवावं असं वाटत होतं. मी हाक मारली नाही.