न वाचता केलेली सही

कॅनडात, मिसिसागातल्या मराठी मंडळींनी आमच्या ह्यांना, म्हणजे विलासना, सहीचं मशीनच करून ठेवलंय. पासपोर्ट असो, पेन्शनचा फॉर्म असो, साक्षीदार हवा की धरा विलासला. आणि हे वाचतील तर शपथ. "आपल्या माणसाचा कागद काय वाचायचा?" वर हे तत्त्वज्ञान. बत्तीस वर्षं मी कपाळ बडवून घेतेय.

मागच्या मंगळवारी एका नर्सचा फोन आला. मनाशेभाऊंच्या अर्जावर साक्षीदार तुम्हीच ना, तिनं विचारलं. मनाशेभाऊ मूळचे अलिबागकडचे, ह्यांचे वीस वर्षांचे दोस्त. आतड्याचा कॅन्सर, आता सगळीकडे पसरलेला. हे म्हणाले, "हो, पासपोर्टचा अर्ज ना?"

"नाही. डॉक्टरांच्या मदतीनं मरण मागण्याचा."

फोन स्पीकरवर होता. इथे कायद्यानं तसं मरण मागता येतं, हे मी नुसतं ऐकून होते.

तिनं पुढे विचारलं, त्यांच्या मृत्युपत्रात तुमचं नाव आहे का? हे कसनुसे होऊन म्हणाले, "गाडी ठेवलीय ना त्यानं मला." तेव्हा ती म्हणाली, ज्याला त्यांच्या मागे काही मिळणार, त्याची साक्ष चालत नाही. हा अर्ज बाद. त्यांना हवं असेल तर नवा अर्ज आणि नवा साक्षीदार.

ह्यांनी फोन ठेवला. "जयंती, मी त्याच्या मरणावर सही केली गं." मग एकदम उठले. "पण बाद झाला ना? आता नवा करूच द्यायचा नाही."

तसेच त्यांच्या घरी गेलो. मनाशेभाऊ पलंगावर, नुसती हाडं उरलेली. ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "मला फसवलंस तू."

"कागद तुझ्यासमोर होता, विलास. दुसऱ्यानं वाचला असता, रडला असता, मला अडवलं असतं. तू वाचत नाहीस, म्हणून तर तुला बोलावलं."

मला दोघांचाही संताप आला.

नर्सनं त्यांना आधीच कळवलं होतं; नवा अर्ज उशाशीच होता. सहीला शेजारची डोरिस येणार होती. "ती येईपर्यंत वाचून दाखव," मनाशेभाऊ म्हणाले. "मराठीत सांग. मला आता अक्षर लागत नाही."

ह्यांनी वाचला, एकेक ओळ. 'विचार केव्हाही बदलता येईल, अगदी शेवटच्या क्षणीसुद्धा' इथे आले आणि थांबले. तीच ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा.

मनाशेभाऊंनी ह्यांच्या मनगटावर हात ठेवला. "ऐकलं रे. पुढे वाच."