नवगोकार की नवगावकर? एका आडनावासाठी धाड ते शेगाव

सोमवार, १९ जानेवारी २०२६, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. धाडच्या बसथांब्यावर उभा राहून मी मोबाइलवर एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो: NAVGAOKAR.

मी सुधाकरकाकांच्या दुकानात ग्रॅनाइटवर नावं कोरतो. शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन मात्र सुटलं नाही. शेगावच्या एका बाईंना दाराची पाटी मराठीत हवी होती, पण नाव त्यांनी इंग्रजीत पाठवलेलं. काकांचं म्हणणं, आपल्या वऱ्हाडात शेगावचे शेगोकार, तसे हे नवगावचे नवगोकार. मला ते पटेना, कारण पहिलं नाव होतं एस्तेर. फोन लागेना. काका बारा वाजता मशीन लावणार होते. नावं तपासायचं काम माझं, म्हणजे चुकलं तर दगड माझ्या पगारातून.

धाडहून बुलढाण्याला एसटी मिळते, जीपही मिळते. तिथून खामगावमार्गे शेगाव. बोथ्याच्या घाटात जंगल सुंदर आहे, पण थंडीत कानाला रुमाल बांधा. एसटीत शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एका आडनावासाठी एवढं तिकीट? पोरगी पाहून राह्यला काय बाबू?" मागची दोन बाकं हसली.

शेगावला स्टेशनमागे घर सापडलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. एस्तेरबाई सत्तरीच्या. यजमान रेल्वेत होते, निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. मी घाबरत घाबरत दोन्ही नावं कागदावर लिहून दाखवली.

"नवगोकार?" त्या हसल्या. "मला वऱ्हाडी करून टाकलंत की. अहो, आम्ही ज्यू. कोकणातले."

मग त्यांनी सांगितलं. अलिबागजवळ नवगाव आहे. त्यांचे पूर्वज जहाज फुटून त्याच किनाऱ्याला लागले, अशी त्यांच्यात कथा आहे. जे ज्या गावात राहिले, त्या गावाला 'कर' जोडून त्यांचं आडनाव झालं: पेणकर, रोहेकर, झिराडकर. युरोपातल्या ज्यूंच्या आडनावांची शेपटं वेगळी. 'विच' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'स्की' म्हणजे बहुतेक वेळा अमक्या गावचा. त्यांच्या भाच्याचे इस्राएलमधले शेजारी वर्शावस्की आहेत, मूळ पोलंडमधल्या वॉर्सा शहराचे.

"म्हणजे वॉर्सावकर," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे वॉर्सोकार," मी म्हणालो. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

बाराला दहा कमी असताना काकांना फोन लावला.

"मशीन थांबवा काका. नवगावकर आहे."

"काऊन बे? दोन अक्षरांनं काय बिघडते?"

"त्यांचं गाव जाते," मी म्हणालो. काकांशी इतक्या ठाम आवाजात मी कधी बोललो नव्हतो.

"बरं, लिवून पाठव," काका म्हणाले.

स्टेशनजवळ दोन गरम कचोऱ्या खाल्ल्या. पोटात भीती नसली की कचोरीची चव वेगळीच लागते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः 'नवगावकर' कोरलं. परवा जळगावहून इंग्रजीत एक नाव आलं, तर काकांनी मशीनला हात लावण्याआधी मला हाक मारली.

हिशोब: एसटी जाऊन-येऊन ३६०, कचोरी ४०, चहा २०. एकूण ४२०. काकांनी दिले ३००. येणं १२०. उद्या मागणार आहे.