मुक्ताबाईंचं दोनदा लग्न

माझ्या सासूबाई अडुसष्ट साली वारल्या आणि एकोणसत्तर साली त्यांचं लग्न झालं. हसू नका. पालिकेच्या खिडकीतल्या माणसानं मला हे तोंडावर सांगितलं आणि वर म्हणाला, "बाई, क्रम जरा उलटा दिसतोय. एकदा घरी विचारून या." घरी सासूबाई ठणठणीत होत्या. ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या.

झालं असं, की माझे थोरले दीर रंगनाथ कंप्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेलेले. सन दोन हजारच्या गणपतीत त्यांचा फोन आला. जाऊबाईंना दिवस गेलेत, आईला बाळंतपणाला पाठवा. झालं! सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. डिंक आणला, आळीव आणले, झबली शिवायला घेतली. वारज्यातून फार तर खडकीपर्यंत गेलेली बाई, ती मला विचारायला लागली, "जया, इमानात भाकरी मिळती का गं?" रंगनाथ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आमचे हे, मच्छिंद्र, धाकटे. हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, आणि आईच्या लाडात कायम दुसरा नंबर.

पासपोर्टाला जन्माचा दाखला हवा. ह्यांना रजा नाही, त्यामुळे ते लोढणं माझ्या गळ्यात. मी बुधवार पेठेतली, वडिलांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान. बिल आणि माल जुळला नाही तर मला घास गिळत नाही. म्हटलं, दोन दिवसांचं काम.

आधी सासूबाईंच्या माहेरी गेले, मुळशीकडे. तिथल्या शाळेत मुक्ता नावाची मुलगीच नाही. त्या घरातली एकच मुलगी शाळेत गेलेली, तिचं नाव मैना. ठीक आहे. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की बाईचं माहेरचं नाव संपलं, ही रीत मला ठाऊक होती. आमच्या ह्यांनी कंटाळा केला म्हणून मी जयाच राहिले. तर मैनाची मुक्ता झाली असणार. इथवर जमलं.

मग नाव बदलल्याचा पुरावा म्हणून लग्नाची नोंद काढायला पालिकेत गेले. वारजं पालिकेत आलं तसं ग्रामपंचायतीचं जुनं दप्तरही तिकडे आलेलं. त्यात काय सापडावं? अडुसष्टच्या मे महिन्यात रंगनाथचा जन्म, आई मुक्ताबाई. जुलैत मृत्यू, महिपतीची बायको मुक्ताबाई. महिपती म्हणजे माझे सासरे. पुढच्या मार्चात लग्न, महिपती आणि मुक्ताबाई. एकाहत्तरला मच्छिंद्रचा जन्म, आई पुन्हा मुक्ताबाईच.

माझं डोकं गरगरायला लागलं. गावात दुसरा कुणी महिपती होता का? चौकशी केली, नव्हता. नोंद चुकली म्हणावं, तर तारखा महिन्यांसकट नीट लिहिलेल्या. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल. वाढतेस का?" डुलकीत माणूस एकदा चुकेल. मेलेल्या बाईचं लग्न लावून तिला पोर कसं देईल? कपाटातला कुठला कागद खरा आणि चुलीपुढे बसलेली बाई कोण, मला काही म्हणजे काही कळेना.

शेवटी सरळ जाऊन विचारलं, "आई, तुम्ही अडुसष्ट साली वारलात का हो?"

सासूबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. मग त्यांनी गळ्यातला काळा दोरा वर ओढला. त्यात चांदीचा एक छोटा टाक होता, बाईचा आकार कोरलेला. मी इतकी वर्षं तो देवीचा समजत होते.

"ही मुक्ता," त्या म्हणाल्या. "माजी थोरली भैन. रंगनाथ दोन म्हैन्यांचा व्हता, तापानं गेली. जाताना म्हनली, मैने, पोराला घे. घरच्यांनी मला तिच्या जागंवर हुबी केली. नाव बी तिचंच ठेवलं. पोराला सावत्र म्हून कधी कळू द्यायचं न्हाई, असं ह्यांनी माज्याकडनं वचन घेतलं."

मला राग आला. एका बाईचं नाव काढून घ्यायचं आणि मेलेल्या बाईचं तिच्या अंगावर चढवायचं, हा कुठला न्याय? पण राग काढणार कुणावर? सासरे कधीच गेलेले.

पेच पुढेच होता. खरं लिहायचं तर पासपोर्टाच्या प्रतिज्ञापत्रात सावत्र आई लिहावं लागणार, आणि व्हिसासाठी नातं लिहून बोलावण्याचं पत्र रंगनाथच पाठवणार. म्हणजे त्यांना कळणार.

"मंग ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "न्हाई जायाचं मला. कळलं तर मी त्याची मावशी ऱ्हाईन गं." झबली त्यांनी ट्रंकेत टाकली आणि वर कुलूप लावलं.

मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, "आई, तिकडे बाळाला न्हाऊ कोण घालणार? तुमचं वचन?" फार बोलले मी. त्या उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाव फोन."

फोनवर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. सगळं सांगितलं. पलीकडून रंगनाथ एवढंच म्हणाले, "नंतर करतो." आणि फोन बंद.

मग दिवसामागून दिवस गेले, फोन नाही. ह्यांना सांगितलं तर त्या रात्री त्यांनी 'वाढतेस का' म्हणून विचारलंही नाही. सासूबाई फोनपाशी खुर्ची टाकून बसायच्या. ताटातली भाकरी तशीच. नको तिथे नाक खुपसून मी भलतं करून बसले, हे मला रोज वाटायचं.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. मी उचलला. "जया, दे तिकडे," रंगनाथ म्हणाले. मी फोन दिला आणि निर्लज्जासारखी कान लावून उभी राहिले.

"तिचं माहेरचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी चपापले. इतके कागद पालथे घातले, पण मुक्ता हेही सासरचंच नाव, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेत ती गेलीच नाही. तिचं खरं नाव एकाही दप्तरात नव्हतं.

"हौसा," सासूबाई म्हणाल्या. "हौसा म्हनायचो आमी तिला. नाक तुजं तिचंच हाय."

पलीकडे रंगनाथ रडत होते, मला ऐकू येत होतं. मग नाक ओढून म्हणाले, "कागदावर काय लिहायचं ते लिहू. आई, इकडे थंडी फार आहे. स्वेटर दोन घे."

फोन ठेवून सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आई म्हनला गं मला."

"मग काय मावशी म्हणणार होते?" मी फटकन बोलून गेले, आणि मग आम्ही दोघी त्या खुर्चीपाशी बसून रडलो.