रजेवरचा डावा पाय

नानांचा डावा पाय कायम रजेवर असे. शब्द त्यांचेच. कोणी त्यांच्या चालण्याकडे पाहत राहिलं की ते आपणहून सांगत, "डावा पाय रजावर शे. उजवा डबल डूटी करस." तरुणपणी ट्रकच्या अपघातात तो पाय गुडघ्याखाली लुळा पडला होता. क्लच दाबणं शक्य नव्हतं. आणि क्लच नसलेली गाडी आम्हाला ठाऊक अशी जळगावात एकच: डॉक्टरसाहेबांची, लांबलचक, जुनी अमेरिकन, आपले गिअर आपणच बदलणारी. ती आहे तोवर नाना ड्रायव्हर.

पण ती गळायची. गिअरबॉक्समधलं लाल तेल गार व्हावं म्हणून दोन बारीक लोखंडी नळ्यांतून पुढे रेडिएटरपर्यंत जाऊन परत येई. त्या नळ्या आज इथे, उद्या तिथे पाझरत. तेल संपलं तर गिअरबॉक्स जळणार, आणि त्याचे भाग कुठे मिळायचे? म्हणून नाना रोज संध्याकाळी गाडीखाली केळीची पानं अंथरत. सकाळी मी डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावरून कॉलेजला जाई. आमच्या बुद्धविहारामागच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली, मुलगे धरून. त्याचा माझ्याइतकाच तोरा नानांनाही होता, कारण तेही त्याच गल्लीतले. मला पाहिलं की फाटकातून हाक येई, "वाच वं माय, तू कालेजवाली. आजना पेपर काय म्हनस?" मी वाकून लाल थेंब पाही आणि सांगे, "बातमी रेडिएटरकडची आहे, नाना." मग ते आधी चांगला पाय, मागून रजेवरचा ओढत गाडीखाली शिरत.

नवी नळी वाकवण्यापूर्वी ते तिच्यात गिरणा नदीची बारीक वाळू ठासून भरत. रिकामी नळी वाकवली की मध्येच चेपते. नंतर वाळू झटकायची, रॉकेलनं नळी धुवायची आणि तोंड फुलवून बसवायची. वाळू ठासताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "रिकामा मानूसबी असाच चेपस."

बी.ए. झाल्यावर मला धुळ्याला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. डॉक्टरसाहेब त्याच दिवशी तिकडे निघाले होते. नानांनी शब्द टाकला आणि मी मागच्या सीटवर बसले. पारोळा मागे पडला आणि गाडीने दम सोडला. मागे रस्त्यावर लाल रेघ. नाना खाली आडवे झाले, मी तेलाचा डबा धरून उकिडवी बसले. फुटलेल्या जागी त्यांनी ट्यूबचं रबर गुंडाळलं, वर तार आवळली.

डॉक्टरसाहेब घड्याळ पाहत म्हणाले, "नाना, पुन्हा एकदा अशी थांबली, तर मी दुसरी गाडी घेणार. माझे रोगी थांबत नाहीत."

गाडीखालून आवाज आला, "थांबाव नही, साहेब."

आम्ही वेळेत पोचलो. मुलाखतीत विचारलं, पदराला हे काय लागलंय? म्हटलं, गिअरबॉक्सचं तेल. नोकरी मिळाली.

मी धुळ्याला राहू लागले. रविवारी घरी आले की नानांकडे डोकावे. त्यांना रोग सापडला होता. इंजिन हलतं, नळी मात्र ताठ बांधलेली, म्हणून ती फुटत होती. त्यांनी नव्या नळीला मध्ये एक मोठं वेटोळं दिलं. "जरासी ढील दिधी, माय. आते हालू दे तिले." पान उचलून दाखवलं. हिरवंगार, कोरं. "आज काहीच बातमी नही," म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले.

पुढे काही वर्षं ती गाडी कुठेच थांबली नाही. मग इंदूरचा एक शौकीन आला. जुन्या गाड्या जमवायचा. आधी खालीच वाकला, कोरडी जमीन पाहून खूश झाला आणि गाडी विकत घेऊन गेला. डॉक्टरसाहेबांनी छोटी गाडी घेतली, तीन पेडलांची, क्लचवाली. नळी गळत राहिली असती तर त्या माणसाने गाडीला हात लावला नसता. हे मला सुचलं तसं नानांनाही सुचलं असणार.

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नानांना फाटकावर बसवलं, पगार तोच ठेवला. मी भेटायला गेले तेव्हा नाना खुर्चीत बसून होते. नवी गाडी आत आली, त्यांनी फाटक लावलं आणि मला म्हणाले, "आते उजवा पायबी रजावर गया, माय." त्या वेळी मला त्यांचं वाळू ठासतानाचं वाक्य आठवलं. नंतरचे दोन पावसाळे ते काढू शकले नाहीत.

मागे माझ्या मुलीने गाडी घेतली. दुकानातला पोरगा मला समजावत होता, "मॅडम, डाव्या पायाला कामच नाही. तो नुसता ठेवायचा." मी त्याला म्हटलं, ठाऊक आहे. घरी येताना सिग्नलला थांबलो, तर मुलीने बोट दाखवलं: पुढे एक, शेजारी एक, क्लच नसलेल्याच गाड्या. यातली कुठलीही नानांना चालवता आली असती.