बॉर्नहोममध्ये मडकं वाजवून बघताना

शाळा संपल्यावर मुलीने जाहीर केलं, तिला फार्मसी करायची नाही. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर जाऊन मातीची भांडी घडवायला शिकायचंय. प्रवेशही मिळाला होता; महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या एका फार्मसीत काम करते. पुढची पाच वर्षं मी मनात केव्हाच आखून ठेवली होती.

"बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," मी म्हटलं.

"बघायला जातेयस की मोडता घालायला?" नवऱ्याने विचारलं.

खरं उत्तर मलाही माहीत नव्हतं. माझं आणि मुलीचं, अशी दोन तिकिटं काढली.

बेटावर पहिले दोन दिवस मी ठरवल्याप्रमाणे सगळं बघितलं. समुद्राकाठच्या उंच खडकावरचा पडका किल्ला, मासे धुरी देऊन टिकवायच्या जागांची पांढरी धुराडी, आणि पांढरीशुभ्र गोल चर्चेस. त्यातलं एक मला फार आवडलं. मधोमध जाडजूड खांब, त्यावर जुनी चित्रं, आणि भिंती एखाद्या गढीसारख्या. शत्रू आला की गावकरी वरच्या मजल्यावर आसरा घेत असावेत, असं तिथे सांगतात. देवाचं घर बांधतानाच जिवाची सोय बघणारी माणसं. माझ्या पठडीतली.

मी खांबाभोवती फिरून चित्रं बघत होते. मुलगी मागून हळूच म्हणाली, "आई, प्रदक्षिणा घालतेयस तू."

"घातली तर घातली. पण चित्रं काढणाऱ्याचं पोट कशावर चालत असेल गं?"

"हिअर वी गो," म्हणत ती बाहेर गेली. 

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कुंभारीणबाईंच्या कार्यशाळेत गेलो. बेटावर चांगली माती सापडते, म्हणून इथे पिढ्यान्‌पिढ्या भांडी होत आली, असं त्या सांगत होत्या. फळीवर एक सुरेख सुरई होती. घ्यावीशी वाटली. माठ घेताना आपण करतो तेच मी केलं: कुठे तडा नाही ना, म्हणून बोटाच्या पेराने टकटक वाजवायला गेले. आवाज आलाच नाही. बोट आत रुतलं.

"आई! वेट आहे ते!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणत राहिले. बाई हसल्या आणि त्यांनी मला विचारलं, मी काय ऐकत होते? मी माठाचं सांगितलं. त्यांनी शेजारचा भाजलेला वाडगा उचलून माझ्यापुढे धरला. मी वाजवला. खणखणीत.

तेवढ्यात मुलीने त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी मान डोलावली. तिने मी बिघडवलेली सुरई फळीवरून उतरवली, तिचीच माती पुन्हा मळली आणि ती चाकावर बसली. पहिल्यांदा गोळा कलला. तिने तो मोडला. दुसऱ्यांदाही मोडला. ना चिडचिड, ना माझ्याकडे बघणं. घरी ओला टॉवेल पलंगावर टाकणारी ही मुलगी तारेने गोळ्याचा तळ कापून तार पुसत होती आणि जागच्या जागी ठेवत होती. तिसऱ्यांदा सुरईची मान वर आली. थोडी वाकडी होती. बाईंनी तिच्या कोपराला हात लावून तो अंगाशी टेकवला, बस्स.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. पोट कशावर चालेल, याचं उत्तर मला तिथे मिळालं नाही. अजूनही मिळालेलं नाही. पण बिघडलेलं काम न कुरकुरता तीनदा करणाऱ्या माणसाला मी माझ्या फार्मसीत डोळे मिटून कामावर ठेवलं असतं, एवढं कळलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तिकडे सकाळ, तो हॉस्पिटलमध्ये कामावर निघाला होता.

"काय ठरलं?"

मुलगी समोरच नखांतली माती काढत होती. हात थांबले.

"तिचा तो जाड रेनकोट कुठे आहे बघ," मी म्हटलं. "हिवाळ्यात इथे लागेल तिला."