कोठडीतले गुरुजी

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली मी अकोल्यात पोलिसात नवा शिपाई म्हणून लागलो. बाजारात रोज कापूस चोरीला जाई. चोर तो कसा लांबवतात, हे आम्हांला शिकवणार कोण? जमादारांनी कोठडीत असलेल्या एका कापूसचोरालाच त्या कामाला लावलं.

तो गजाआडून मोठ्या हौसेने शिकवी. चालत्या बैलबंडीखाली लटकून कापसाचा बोरा कसा उसवायचा, चोरलेला कापूस घरच्या गाद्यांत कसा दडवायचा, सगळं. मला तर प्रश्नांवर प्रश्न सुचत. मधूनच तोही विचारी, "पहारा कवा बदलते बाप्पा? तुमाले डुलकी कवा लागते?" एवढं शिकवणाऱ्या माणसापासून काय लपवायचं, म्हणून आम्ही भडाभडा सांगून टाकत असू.

तो सुटला आणि थोड्याच दिवसांत बाजारातून कापसाने भरलेली अख्खी बंडी बैलांसकट नाहीशी झाली, तीही नेमकी पहारा बदलताना.

जमादार माझ्यावर डाफरले, "काहून बे, इतके दिवस काय शिकला तू?"

माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, शिकत तर तो होता. आमी शिकवून राहिलो होतो."