हजार दिवसांची सहल

हरिश्चंद्र भुवड वयाची पस्तिशी उलटली तरी मुंबईला गेला नव्हता. खेड तालुक्यातल्या त्यांच्या वाडीत हे एखाद्या व्यंगासारखं धरलं जाई. मिसरूड फुटलं की गड्यानं वळकटी बांधायची आणि मुंबईची एस.टी. गाठायची, अशी तिथली रीत. त्याचे दोघे थोरले भाऊ गिरणीत होते. हरीच्या वेळेला बाप अंथरुणाला खिळला, मग आई, मग भातशेती बघायला कोणीतरी हवं, म्हणून तो राहिला तो राहिलाच. मालनशी त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा तिच्या बापानं तोंडावर विचारलं होतं, "पोरगा मुंबईला नाय? मग करतो काय?"

पुढे लोट्याच्या माळावर कारखाने आले. रंगासाठी लागणारी रसायनं करणाऱ्या एका कारखान्यात हरी हेल्पर म्हणून लागला आणि चार वर्षांत ऑपरेटर झाला. सातवी शिकलेल्या माणसाला ही बढती थोडी नव्हती. निळी पँट, निळा शर्ट, वाडीच्या फाट्यावर उभी राहणारी कंपनीची बस. त्यातच गिरण्यांचा संप झाला आणि भाऊ रिकाम्या हातानं घरी परतले. दोन वर्षं ते हरीच्याच चुलीवर जेवले. न गेलेलाच शहाणा निघाला, असं तेव्हा वाडीतले लोक म्हणू लागले. शिमग्यात मृदंग गळ्यात अडकवून हरी नमनाच्या खेळाला उभा राहिला की त्याचा उजवा हात पूर्वीपेक्षा जास्त मोकळा पडे, हे ऐकणाऱ्यांना कळायचं.

एकोणनव्वद सालच्या पावसाळ्यानंतर कामगारांच्या कमिटीनं साहेबांकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, वाफ ओढून घेणारे पंखे. दुसरी, नवे रबरी हातमोजे, कारण जुने बोटांच्या टोकाला फाटले होते. पंखे आले नाहीत, मोजेही आले नाहीत. आली ती एक सूचना. फाटकाशी जी हिरवी पाटी होती, जिच्यावर रोज 'अपघाताविना दिवस' म्हणून आकडा बदलला जाई, तो आकडा हजारावर पोचला की प्रत्येक कामगाराला बायकापोरांसह मुंबईला सहल. खाडीपलीकडे नवी बाग झाली होती, विजेवर चालणाऱ्या पाळण्यांची आणि हवेत उलटीपालटी होणाऱ्या गाड्यांची. पेपरात तिचा फोटो आला होता. येणंजाणं, तिकीट, जेवण, सगळं कंपनीचं.

बातमी वाडीत पोचली आणि पंखे, मोजे सगळेच विसरले. हरीची मुलगी राही नऊ वर्षांची होती. तिनं पेपरातला तो फोटो कापून भाताच्या खळीनं आपल्या दगडी पाटीच्या मागे चिकटवला आणि शाळेत वर्गभर फिरवला. रात्री जेवताना ती बापाला रोज एकच प्रश्न विचारायची, "बाबा, आज किती झाले?"

"नऊशे बावन्न."

"म्हंजे अट्ठेचाळीस उरले."

हरीला तिचा हिशेब ऐकायला गोड वाटे. आपण स्वतः लेकीला कधी काही दाखवू शकू असं त्याला वाटलंच नव्हतं. तिचे चुलते गिरणीत असताना मुंबईहून यायचे तेव्हा राणीच्या बागेतल्या हत्तीच्या गोष्टी सांगायचे आणि हा नुसता ऐकायचा. आता तो दाखवणार होता.

नऊशे एकसष्टाव्या दिवशी, सकाळपाळीत, टाकीतून वर ॲसिड चढवणाऱ्या पाइपाच्या जोडातलं पॅकिंग फाटलं आणि ॲसिड बाहेर उसळायला लागलं. हरी पंप बंद करायला धावला. पंप बंद झाला, पण तेवढ्यात त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भिजला होता. मोजा होता, पण फाटका. आत शिरलेलं ॲसिड मोज्यातच साचून राहिलं. बरोबरचा लवू त्याला ओढत नळाखाली घेऊन गेला. मोजा काढताना कातडी बरोबर आली, तेव्हा लवूनंच तोंड फिरवलं.

सुपरवायझर आत्माराम खातू धावत आला. गुहागरचा माणूस, बोलायला मऊ, कामगारांच्या लग्नकार्याला हजर राहणारा. त्यानं हरीला कंपनीच्या दवाखान्यात नेलं नाही. आपल्या स्कूटरवर मागे बसवून थेट चिपळूणला एका ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. पट्टी झाली, इंजेक्शन झालं. बाहेर बाकावर बसवून त्यानं हरीसाठी चहा मागवला आणि बशीत ओतून स्वतः त्याच्या ओठाला लावला.

"हरिभाऊ, एक सांगू? राग मानू नका. रजिस्टरात नोंद केली तर उद्या पाटीवर शून्य येईल. एकोणचाळीस दिवस राहिलेत फक्त. दोनशे घरांतली पोरं वाट बघतायत."

हरीनं पट्टीचा हात छातीशी धरला. हातात आग पेटली होती.

"घरी चुलीवरचं पाणी सांडलं म्हणायचं. तुमची रजा मी सांभाळून घेतो. डॉक्टरचा खर्च माझा. तुमची राहीसुद्धा जाणार ना?"

खातूनं राहीचं नाव घेतलं नसतं तरी हरी हो म्हणाला असता का, हे त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही. त्या बाकावर त्याला फक्त पाटीच्या मागे चिकटवलेला फोटो दिसला. तो म्हणाला, "बरं साहेब."

मालनला मात्र त्यानं खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप तिच्या हातातून सुटलं.

"आणि ह्या कुणी ठरवला? तुमी?"

"सगळ्यांच्या पोरांचा प्रश्न हाय गो."

"सगळ्यांच्या पोरांना हात हायत बापाचे. आपल्या पोरीला?"

"बरा होईल. वरची सालटी गेलीय फकस्त."

संध्याकाळी लवू आला. पिशवीत अर्धा डझन अंडी होती. इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना उंबऱ्याशी घोटाळला. "हरीदा, कुठं बोलू नको हां. माझ्या दोगी पोरी नुसत्या नाचतायत." त्याच्या मागे तिसऱ्या पाळीतले दोघे आले, मग कमिटीचा एक. ज्या कमिटीनं मोजे मागितले होते, तिचाच माणूस. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं, सुकट, केळी, नारळ. मालननं सगळं मुकाट्यानं फडताळात ठेवलं आणि ते गेल्यावर म्हणाली, "मयताला येतात तसे आले."

राहीला सांगितलं, पाणी सांडलं. तिनं हातावर फुंकर घातली आणि विचारलं, "आज किती झाले?"

डिसेंबरच्या शेवटी हजारावा दिवस उजाडला. सहल पुढच्या रविवारी. पहाटे पाचला पंधरा बसगाड्या लोट्याहून निघाल्या. हरी आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला निघाला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, उजवी बाही मुद्दाम लांब सोडून. जखम वरून भरली होती, पण कातडी आखडून बोटं आत वळली होती. मूठ पुरती मिटत नव्हती आणि पुरती उघडतही नव्हती.

महाडच्या पुढे पोरं ओकायला लागली. पनवेलला बस तासभर अडकली. खाडीच्या धक्क्यावर पोचायला दीड वाजला, लाँचच्या रांगेत आणखी पाऊण तास. पलीकडे उतरल्यावर ऊन, धूळ आणि हजारो माणसं. जेवणाच्या पाकिटांसाठी रांग, मुतारीसाठी रांग, प्रत्येक पाळण्यापुढे लोखंडी नळ्यांमधून वळत गेलेली रांग. हरीनं कधी रेशनला एवढी मोठी रांग बघितली नव्हती. पण राहीची मान सारखी वर. डोक्यावरून माणसांनी भरलेली गाडी किंचाळत जायची आणि तिचा हात बापाच्या डाव्या हातात घट्ट व्हायचा. तिच्याकडे बघून हरीला पहिल्यांदाच वाटलं की जे केलं ते फुकट गेलं नाही.

त्या गाडीच्या रांगेत ते दीड तास उभे राहिले. मालन आली नाही, तिला चक्कर यायची. अखेर पाळी आली. राही उडी मारून आत बसली, हरी शेजारी. गाडीवरच्या मुलानं समोरचा दांडा खाली ओढला आणि सगळ्यांना सांगत निघाला, "दोन्ही हातांनी घट्ट धरा." हरीपाशी तो थांबला. हरीची बोटं दांड्यावर नुसती टेकली होती.

"काका, हा हात?"

"भाजलेला हाय. एका हातानं धरतो मी."

मुलानं बोटं वळवून बघितली आणि मान हलवली. "नाही बसता येणार, काका. वर गेल्यावर सुटलात तर? सॉरी." तो उर्मट नव्हता. दीड महिन्यात त्या हाताची धडपणे विचारपूस करणारा तो पहिलाच माणूस होता. आणि त्याचं बरोबरच होतं.

हरी उतरला. राहीचा चेहरा पडला, एकटीला बसू देत नव्हते. मागे रांगेत खातू उभा होता. तो पुढे झाला. "मी बसतो हो तिच्या शेजारी. ये गं, राही, घाबरू नकोस." दांडा खाली आला आणि गाडी सुटली.

हरी कठड्याशी उभा राहून वर बघत होता. पहिल्या उतारावर राहीनं डोळे मिटले आणि खातूचा दंड दोन्ही हातांनी आवळला. दुसऱ्या वळणावर ती हसत होती. खरंखुरं, तोंड भरून हसत होती. असं हसताना त्यानं तिला घरी कधी बघितलं नव्हतं. तिला मजा आली नसती तर कदाचित त्याला एवढं लागलं नसतं.

साडेपाच वाजता कापडी फलक बांधून सगळ्यांचा फोटो झाला. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, खातूला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि तो आता शिफ्ट इनचार्ज झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. हरीला टाळी वाजवता येईना, म्हणून त्यानं डाव्या हातानं मांडीवर थापा मारल्या. फोटोवाला ओळी लावत असताना खातू जवळ येऊन हळूच म्हणाला, "हरिभाऊ, हात जरा मागे घ्या. फोटो हेडऑफिसला जायचाय."

हरीनं हात मागे घेतला.

परतीच्या बसमध्ये पोरं एकमेकांवर कलंडून झोपली. मालन खिडकीबाहेर बघत होती. नागोठण्याच्या पुढे ती अचानक बोलली. "सकाळपासून मोजतेय. राही दोन पाळण्यांत बसली. दोन्ही मिळून दहा मिनिटा नसतील झाली. बाकी सगळा दिवस आपण उभे होतो नायतर ह्या बसमध्ये."

"तिला आवडला ना पण."

"आवडला. आपल्या जत्रेतला लाकडी पाळणापण आवडतो तिला. तिथं कुणी हात मागत नाय."

मागच्या बाकावर लवू आपल्या बायकोला सांगत होता की डोळ्यांचं पारणं फिटलं. तोही खोटं बोलत नव्हता.

पुढचं लवकर घडलं. वळल्या बोटांनी व्हॉल्व्ह फिरेना, म्हणून हरीला प्लँटवरून काढून झाडू-सफाईवर टाकलं. ऑपरेटरचा भत्ता गेला. सहा महिन्यांनी सफाईचं काम ठेकेदाराला दिलं तेव्हा तेही गेलं. नुकसानभरपाई मागायला तो मोठ्या साहेबांकडे गेला. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं, त्या तारखेला लिहिलं होतं, 'निरंक'. रजेचा अर्जही दाखवला, हरीच्याच डाव्या हाताच्या सहीचा, 'घरी भाजल्यामुळे'. खातू शेजारी उभा होता. त्यानं खाली बघितलं, पण तोंड उघडलं नाही. लवूला साक्षीला ये म्हटलं तर तो म्हणाला, "हरीदा, मला दोन पोरी हायत." हरीला एकच होती, पण त्यानं तसं म्हटलं नाही.

एका सोमवारी तो एस.टी.नं रत्नागिरीला गेला. सरकारी कचेरीतल्या कामगार अधिकाऱ्यानं त्याला बसवलं, हात नीट बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर टिपून घेताना विचारलं, "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

हरीनं आखडलेला हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "सहल होती, साहेब."

अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं, "काय होती?"

"सहल. पोरांची."

अधिकारी हसला नाही. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि सांगितलं की अर्ज करा, पण साक्षीदार आणा, नाहीतर यात काही निघणार नाही. साक्षीदार मिळाला नाही. हरी पुन्हा शेतीकडे वळला. डाव्या हातानं विळा धरायला शिकला. नमनात त्याचा मृदंग आता गंगाराम नावाचा तरुण वाजवतो, आणि बरा वाजवतो. हरी समोर न बसता मागे, बायकांच्या बाजूला, अंधारात बसतो.

राहीला खरं कळलं ते लवूच्या पोरींकडून, शाळेत भांडण झालं तेव्हा. 'तुझ्या बापाचा हात कंपनीत जळला आणि तो खोटं बोलला' असं त्या म्हणाल्या. ती घरी आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि सरळ खळ्यात गेली. हरी डाव्या हातानं भाताचे भारे सोडत होता. ती त्याच्या शेजारी बसून गाठी सोडायला लागली. पाचसहा भारे झाल्यावर म्हणाली, "मला विचारला असतात तर मी नको म्हटला असता."

हरीनं तिच्याकडे बघितलं. दहा वर्षांची पोर, ओठ घट्ट मिटलेले.

"व्हय," तो म्हणाला. "म्हाईत हाय मला."

ती नको म्हणाली नसती. तिलाही ते कळत होतं. दोघांनी खाली माना घातल्या आणि दोघं उरलेले भारे सोडत राहिली.